आवाज येतो, शब्द येत नाहीत

"आमची अव्वा ऐकत नाही," असं आमच्या घरात सगळेच म्हणायचे. आप्पा रागानं म्हणायचे, मी कंटाळून म्हणायचे, शेजारणी हसत म्हणायच्या. ऐकत नाही म्हणजे हट्टी आहे, आपलंच खरं करते, असा आम्ही त्याचा अर्थ लावला होता. तो अर्थ साफ चुकला होता, हे कळायला जवळजवळ दहा वर्षं गेली आणि माझं ठरत आलेलं एक लग्न मोडावं लागलं.

आम्ही मूळचे जळकोटजवळच्या एका खेड्यातले. लिंगायत घर, त्यामुळे आईला अव्वा आणि वडिलांना आप्पा. थोडीशी कोरडवाहू जमीन आणि घराच्या ओट्यावर आप्पांचं मीठमिरचीचं दुकान. बहात्तरच्या दुष्काळात जमिनीत काही उगवलं नाही आणि दुकानात घ्यायला कुणी आलं नाही. मग गावातल्या बहुतेक बायांसारखी अव्वा सरकारी कामावर जायला लागली. तलावाचं काम होतं. खडक फोडायला बार उडवायचे. बार लावायच्या आधी एक माणूस लाल फडकं हलवत ओरडत फिरायचा, की सगळ्यांनी टेकाडाच्या पलीकडं जाऊन बसायचं.

मी तेव्हा सात वर्षांची असेन. तिथं खायला सुकडी मिळते म्हणून मीही अव्वाबरोबर जायची. एके दुपारी हाकाटी झाली, आम्ही सगळे टेकाडामागं गेलो, आणि अव्वानं माणसं मोजल्यासारखी नजर फिरवली. आमच्या गावातली एक म्हातारी दिसत नव्हती. ती खडकाजवळच्या बाभळीखाली पाटीवर डोकं ठेवून झोपली होती. अव्वा उठली आणि पळत सुटली. मुकादम ओरडला, बाया ओरडल्या. तिनं म्हातारीला दंडाला धरून ओढत आणलं, पण टेकाडाच्या थोडं अलीकडंच बार उडाला. दगड लागला नाही. म्हातारीच्या अंगावर पडून अव्वानं तिला झाकलं होतं, म्हणून तिलाही काही झालं नाही.

त्या दिवशी घरी येईपर्यंत अव्वा कुणाशी बोलली नाही. आप्पांनी विचारलं तर हातानंच कानाकडं खूण केली. "रातकिडे वरडायलेत आत," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. डाव्या कानातून थोडं रक्तही आलं होतं. शेजारच्या काकूंनी लसूण टाकून तेल कढवलं आणि कोमट करून कानात सोडलं. आठ-दहा दिवसांनी अव्वा म्हणाली, "झालं नीट." आणि आम्ही ते खरं मानलं.

दुष्काळाच्या शेवटी आप्पांनी गाव सोडलं. लातूरच्या आडत बाजारात त्यांना काट्यावर तोलाईचं काम मिळालं आणि अव्वाला एका दालमिलमध्ये निवडणीचं. आमची एक खोली, पुढं पत्र्याचा आडोसा. शाळा सुटली की मी मिलवर जायची, कारण घरी एकटीनं बसायला मला भीती वाटायची.

दालमिलचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. तूर भरडणारे रोल, धडधडणाऱ्या चाळण्या, माल वर नेणारे पट्टे, सगळं एकाच पत्र्याच्या छताखाली. दारात पाय टाकला की तो आवाज छातीत घुसायचा. त्या आवाजात पंधरा-वीस बाया ओळीनं बसून डाळ निवडायच्या आणि दिवसभर बोलायच्या. तोंडातून आवाज काढायच्याच नाहीत. फक्त ओठ हलवायच्या, भुवया उचलायच्या, बोटांच्या खुणा करायच्या. कुणाची सासू काय म्हणाली, कुणाच्या पोराला गोवर आला, सगळं त्या तसंच सांगायच्या आणि मधेच सगळ्या एकदम हसायच्या. मला ती जादू वाटायची. अव्वा त्यात सगळ्यांत हुशार होती. लांबच्या कोपऱ्यातली बाई काय म्हणाली ते ती इकडून सांगायची. तिचा हात चपळ म्हणून पुढं तिला चाळणीजवळ उभं केलं, अगदी मशीनच्या कुशीत. तो मान समजला गेला. अव्वानंही तो मानच समजला.

आता मागं वळून पाहते तेव्हा वाटतं, त्याच मिलनं तिचं ऐकणं काढून घेतलं आणि त्याच मिलनं ते झाकून ठेवायची विद्याही तिला दिली.

घरात मात्र कुरबुरी वाढत गेल्या. आप्पा मागून म्हणायचे, "पाणी दे गं." अव्वा भाकरी थापत राहायची. आप्पा दुसऱ्यांदा म्हणायचे, तिसऱ्यांदा ओरडायचे, मग ती वळून म्हणायची, "कामून वरडायलाव एवढं? ऐकू येतंय की मला." ओरडलेलं तिला खरंच ऐकू यायचं. म्हणून ती बहिरी असेल अशी शंका कुणालाच आली नाही. आप्पांना वाटायचं, ही मुद्दाम करते. ते चिडके होते, पण वाईट नव्हते. दिवसभर पोत्यांच्या आकड्यांनी डोकं उठलेलं असायचं आणि घरी आल्यावर बायको उत्तर देत नाही, हे त्यांना लागायचं. दोघांत दोन-दोन दिवस अबोला व्हायचा, आणि अबोला धरलाय हे अव्वाला कधी कधी माहीतच नसायचं.

बारीक गोष्टी आम्ही पाहिल्या, पण त्यांची मोळी बांधली नाही. कुकरची शिट्टी वाजून गेली तरी ती स्टोव्हकडं वळायची नाही. मठातल्या भजनाला ती आधी नेमानं जायची, मग जाणं सोडून दिलं. विचारलं तर म्हणाली, "आता तिथं मजा न्हाई ऱ्हायली." बसताना ती नेहमी भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसायची. संध्याकाळी लाइट गेली की बोलता बोलता गप्प व्हायची आणि लाइट आली की पुन्हा सुरू करायची. मी तिला एकदा म्हणाले होते, "तुझा आवाज किती मोठा झालाय गं अव्वा, गल्लीत ऐकू जातं." तिचा चेहरा पडला. त्यानंतर ती इतकी हळू बोलायला लागली की आम्हालाच ऐकू येईना.

मग लातूर जिल्हा झाला. त्याआधी कुठल्याही कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागे. आता कलेक्टर कचेरी इथंच आली, नवी खाती आली, टायपिंग येणाऱ्या मुलींना एकदम मागणी आली. मी बारावीनंतर मराठी-इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या. मला एका नव्या कार्यालयात टंकलेखकाची नोकरी लागली. ऑर्डर हातात आली त्या दिवशी अव्वा मिलमधून सुट्टी घेऊन माझ्याबरोबर कचेरीपर्यंत चालत आली आणि फाटकाबाहेर बराच वेळ उभी राहिली. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी. ती तिला माझ्यापेक्षा जास्त हवी होती.

वर्षभरानं औशाचं एक स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा दुकान बघणारा. पाहुणे आमच्या खोलीवर आले. मुलाची आई अव्वाशेजारी बसली होती, रीतीप्रमाणे पदर तोंडावर ओढलेला. मी चहाचे कप गोळा करत होते. त्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडं सुना नोकरी करत न्हाईत. लग्नाआधी राजीनामा द्यावा लागंल."

अव्वा हसली आणि मान डोलावून म्हणाली, "हाव, हाव. लई चांगलं."

पाहुणे गेल्यावर मी रडत तिच्यावर तुटून पडले. "मला न विचारता तू हो कसं म्हणालीस? फाटकापर्यंत कशाला आली होतीस मग?"

"कशाला हो म्हणलं मी?" अव्वा गोंधळून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"नोकरी सोडायला."

ती खाली बसली. तिचा रंग उडालेला मला अजून दिसतो. आप्पा दारात उभे होते. ती म्हणाली, "त्या बाईनं पदर धरला होता तोंडावर. मला तिचे व्हट दिसले न्हाईत. मला वाटलं, चहा गोड झालाय असं काई म्हणली आसंल."

"म्हणजे तुला ऐकू आलं नाही?"

"आवाज येतो गं," ती म्हणाली. "आवाज येतो. शब्द येत न्हाईत."

आप्पांनी पुढं येऊन विचारलं, "कवापासून?" ओठ दिसले म्हणून तिला तो प्रश्न कळला. "लई दिवसांपासून," ती म्हणाली. "मिलमधी लागल्यावर हळूहळू. सांगितलं तर कामावरून काढतील, आन् पोरीच्या लग्नात खोट निघंल, म्हणून न्हाई सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, धुतलेलं लुगडं नेसली आणि एकटीच औशाची बस धरून गेली. आम्ही थांबवलं तर म्हणाली, "चूक माझी हाय. निस्तरायची मीच." तिथं काय झालं ते तिनंच आल्यावर सांगितलं. त्या बाईंच्या ओसरीवर, घरातल्या पुरुषांसमोर, ती म्हणाली होती, "मला कानानं कमी येतं. काल मी जे हाव म्हणलं ते न ऐकता म्हणलं. माझी पोरगी नोकरी सोडणार न्हाई. तसं चालत आसंल तर बोला, न्हाईतर आपला राग न्हाई." ज्या गोष्टीसाठी तिनं इतकी वर्षं दम कोंडून धरला होता, ती तिनं परक्या ओसरीवर सगळ्यांदेखत सांगून टाकली.

स्थळ मोडलं. मुलीची आई बहिरी, उद्या मुलीलाही तेच होईल, असंही त्या घरात कुणीतरी म्हणालं. अव्वानं ते त्याच्या ओठांवर वाचलं होतं. मला ते तिनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

त्याच आठवड्यात मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाई तरुण होत्या आणि त्यांना एक चांगली सवय होती. त्या अव्वाच्या समोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून, सावकाश बोलायच्या. ओरडायच्या नाहीत. त्यांनी आधी कानातला मळ काढला. बराच होता, तेल घालून घालून दडपलेला. मग आत उजेड टाकून बघितलं आणि विचारलं, "मावशी, डाव्या कानाला कधी मार लागला होता का? पडदा फाटून पुन्हा भरून आल्यासारखा दिसतोय."

अव्वानं बाराची गोष्ट सांगितली. बाईंनी पुढं विचारलं, "आणि काम कुठं करता?"

"दालमिलमधी."

"शेजारी उभ्या असलेल्या बाईशी बोलायला ओरडावं लागतं?"

"वरडून बी उपयोग न्हाई. आमी वरडतच न्हाई."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर तो आवाज कानाला मारतोय असं समजायचं. एकदा बारानं, आणि मग रोज थोडं थोडं मिलनं." पक्की तपासणी करायला त्यांनी आम्हाला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, कारण ऐकणं मोजायचं यंत्र तेव्हा तिथंच होतं.

अहमदपूर, लोहा करत आम्ही नांदेडला पोचलो. आप्पाही आले. त्यांनी काट्यावरून रजा घेतली होती, जी त्यांनी स्वतःच्या तापासाठीही कधी घेतली नव्हती. तिथं एक लहानशी, जाड भिंतींची खोली होती, एका बाजूला काच. अव्वाला आत बसवून कानांवर हेडफोन लावले. आवाज आला की बोट वर करायचं. तपासणी करणारे गृहस्थ बाहेर यंत्रापाशी बसून खुंट्या फिरवत होते.

सुरुवातीचे जाड, घुमणारे आवाज तिनं चटकन पकडले. बोट वर, बोट खाली. आप्पांचा चेहरा जरा सैल झाला. मग आवाज बारीक होत गेले, पक्ष्याच्या शिळेसारखे, आणि बोट थांबलं. ते गृहस्थ खुंटी फिरवत राहिले. अव्वा आत मन लावून, डोळे मिटून बसली होती. शाळेत प्रश्नाची वाट बघणाऱ्या मुलीसारखी. तिला माहीतच नव्हतं की प्रश्न विचारला जातोय.

तपासणी झाल्यावर मी त्यांना म्हणाले, "तो आवाज किती मोठा होता?" त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला आणि तेवढाच आवाज क्षणभर सोडला. मी दचकून हेडफोन बाजूला केला. आप्पांनीही एकदा लावून बघितला. ते बाहेर जाऊन व्हरांड्यात उभे राहिले.

तिथल्या डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. उजव्या कानाचे गोल, डाव्याच्या फुल्या, आणि दोन्ही रेषा एका ठिकाणी खड्ड्यात उतरल्यासारख्या घसरलेल्या. त्यांनी समजावलं ते मी कधी विसरले नाही. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठा आवाज त्यांना झोडपतो. थोडा वेळ झोडपलं तर त्या पुन्हा उभ्या राहतात, म्हणून कामावरून आल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटतात आणि सकाळी मोकळे होतात. रोज झोडपलं तर मरतात, आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक आवाज जातात. स, श, त, च अशी अक्षरं बारीक आवाजाची. ती गेली की माणसाला बोलणं ऐकू येतं, पण त्यातले शब्द सुटे होत नाहीत.

"औषध?" आप्पांनी विचारलं.

"गेलेलं आणणारं औषध नाही. राहिलेलं सांभाळायचं. आवाजापासून लांब राहायचं, कानात तेल-काडी घालायची नाही, दर वर्षी तपासायचं. आणि कानाला मशीन लावायचं."

बसमध्ये परतताना आप्पा खिडकीकडं बसले होते. लोह्याच्या पुढं कधीतरी ते उठले, अव्वाला खिडकीकडं सरकवलं आणि तिच्याकडं तोंड करून, तिला ओठ दिसतील असे बसले. म्हणाले, "इतकी वर्षं मी तुला बोलत ऱ्हायलो."

अव्वा म्हणाली, "मला कुठं ऐकू आलं?"

ती हे हसवायला म्हणाली होती. आप्पा हसले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी तिला मागून हाक मारली नाही. आधी समोर यायचे, नजर भेटली की बोलायचे. आयुष्यभर पाठमोरं ओरडायची सवय लागलेला माणूस पन्नाशीत ती सवय मोडू शकतो, हे मी पाहिलं. त्याचंही मला फार कौतुक वाटतं.

कानाचं मशीन तेव्हा काडेपेटीपेक्षा मोठं असायचं. पोलक्यात डबी अडकवायची आणि तिथून वायर कानापर्यंत. पहिल्या दिवशी अव्वानं ते लावलं आणि अर्ध्या तासात काढून टाकलं. ताट ठेवलं तरी तिला खडक फुटल्यासारखं व्हायचं. स्वतःच्या लुगड्याची सळसळ तिला सहन होईना. "हे आवाज न्हाईत, शिव्या हायत," ती म्हणाली. पुष्कळ लोक इथंच मशीन ट्रंकेत टाकून देतात, असं डॉक्टर बाईंनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. म्हणून त्यांनी अव्वाला पोथीसारखा नेम घालून दिला होता. पहिल्या आठवड्यात घरात, शांत वेळी, एकाच माणसाशी तासभर बोलायचं. मग वेळ वाढवायचा. मग दोन माणसं. मग बाजार.

अव्वानं तो नेम एकही दिवस मोडला नाही. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की ती माझ्यासमोर बसायची आणि मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, आधी ओठ दाखवून, मग तोंडासमोर कागद धरून. चुकली की म्हणायची, "फिरून म्हण." मला जांभया यायच्या, तिला येत नसत. तीन महिन्यांनी ती मठात गेली आणि भजनाला पहिल्या ओळीत बसली. टाळांच्या वेळी डबीची खुंटी हळूच कमी करायची हे तिनं तिचंच शोधलं होतं.

पण मला तिचं खरं मोठेपण दिसलं ते यानंतर. मिल सोडून ती गप्प बसू शकली असती. माझी नोकरी होती. ती म्हणाली, "माझं झालं ते झालं. त्या बाकीच्या पोरी हायत ना अजून तिथं."

ती डबी पोलक्यावर सगळ्यांना दिसेल अशी लावून मिलच्या शेठकडं गेली. मी सोबत होते. शेठ वयस्कर, तसे सभ्य. म्हणाले, "इतकी वर्षं मिल चालू आहे, कुणाची तक्रार नाही. बाया कशा मजेत बोलत असतात, बघता ना?"

"बोलत्यात, शेठ. ऐकत न्हाईत," अव्वा म्हणाली. "जेवायच्या सुट्टीत मशीन बंद आसतं. तवा माझ्यासंगं या."

सुट्टीत सात-आठ बाया शेडच्या सावलीत भाकरी खात बसल्या होत्या, आमच्याकडं पाठ करून. अव्वानं शेठना त्यांच्या मागं चार पावलांवर उभं केलं आणि सांगितलं, नेहमीच्या आवाजात कुणालाही चहाला बोलवा. शेठ म्हणाले, "चला, चहा घ्यायला चला." एक नवी मुलगी वळली, महिन्यापूर्वी कामाला लागलेली. बाकी कुणी वळलं नाही. शेठनी पुन्हा म्हटलं. मग त्या मुलीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि सगळ्या एकदम वळून, मालक मागं उभे बघून, पदर सारखे करत उठल्या.

शेठ बराच वेळ तिथंच उभे होते.

महिनाभरात निवडणीची जागा मिलच्या मागच्या पडवीत गेली आणि मधे विटांची जाड भिंत आली. चाळणीजवळच्या कामाला पाळ्या लागल्या, म्हणजे एकाच माणसानं दिवसभर तिथं उभं राहायचं नाही. मशीनवरच्या पुरुषांना कानात घालायची रबरी बुचं आणून दिली. त्यातल्या बहुतेकांनी ती चार दिवसांत खिशात टाकली. कुणी म्हणालं, बुचं घातल्यावर मशीनचा बिघाड कळत नाही. कुणी म्हणालं, आम्ही कापूस घालतो. अव्वा त्यांना सांगत राहिली की कापसानं भागत नाही. दोघांनी ऐकलं, बाकीच्यांनी नाही. तिनं ते मनाला लावून घेतलं नाही. बाया मात्र सगळ्या, अव्वासुद्धा, भिंतीपलीकडं गेल्या आणि पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, आता इथं मोठ्यानं बोललं तर चालतंय का?

नंतर ती त्यांना तपासणीला घेऊन नांदेडला गेली. अकरा जणी आणि ही. एका रविवारी जाऊन सोमवारचा नंबर लावला, रात्री ओळखीच्या मठात राहिल्या. मीही गेले होते, फॉर्म भरायला. त्यातल्या निम्म्या जणी जिल्ह्याबाहेर पहिल्यांदाच आल्या होत्या. त्या जाड भिंतींच्या खोलीत एकटीनं बसायला त्या घाबरत होत्या. अव्वा प्रत्येकीबरोबर दारापर्यंत जायची आणि सांगायची, "घाबरू नगस. आवाज आला तर बोट वर कर. न्हाई आला तर गप ऱ्हा. खोटं बोट वर करायचं न्हाई. इथं पास-नापास न्हाई." तपासणी करणाऱ्या गृहस्थांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि ते हसले. अकरांपैकी सात जणींच्या आलेखात तोच खड्डा होता, कुणाचा उथळ, कुणाचा खोल. त्या नव्या मुलीची रेष सरळ होती. अव्वानं तिचा आलेख सगळ्यांना दाखवला आणि तिला म्हणाली, "हे असंच ठिवायचं. भिंतीच्या अलीकडं, मशीनपाशी जायचं न्हाई."

गल्लीतही मग लोक तिला विचारायला यायला लागले. ती औषध सांगायची नाही. तिचं ठरलेलं होतं: कान वाहतोय तर दवाखाना, एकदम ऐकू येईना तर त्याच दिवशी दवाखाना, पोरगं हाकेला वळत नसेल तर मार देऊ नका, आधी दवाखाना. समोरच्या घरातल्या सुनेनं वाहत्या कानाच्या लेकराला मांडीवर घेऊन तेलाची वाटी उचलली होती, तेव्हा अव्वानं उंबऱ्यातूनच तिचा हात धरला. दवाखान्यात कळलं, लेकराच्या कानाच्या पडद्याला छिद्र होतं. ते वेळेत भरलं. तेच लेकरू, ती मुलगी, पुढं शिक्षिका झाली.

माझं लग्न दोन वर्षांनी उदगीरच्या घरात झालं. बोलणी करताना अव्वानं पहिलंच वाक्य म्हटलं, "माझ्याशी समोर बसून बोला. मला कानानं कमी येतं." माझ्या सासऱ्यांनी आपली खुर्ची उचलून तिच्या पुढ्यात आणून ठेवली. घर चांगलं आहे, हे मला तेव्हाच कळलं.

दर वर्षी दिवाळीनंतर आप्पा तिला तपासणीला न्यायचे. खड्डा भरला नाही, भरणारही नव्हता. वयानं थोडी घसरण झाली, पण डॉक्टर म्हणायचे, मिलमध्ये त्याच जागी राहिली असती तर आता हाकही ऐकू आली नसती. पुढं मशीनं लहान होत गेली आणि शेवटचं तर कानामागं दडणारं आलं. अव्वाला ते फारसं आवडलं नाही. ती म्हणाली, "दिसतच न्हाई. लोकांना कळणार कसं, की समोर येऊन बोलावं?" मग तिनं केस मागं घट्ट बांधून कान उघडे ठेवायला सुरुवात केली.